टारफुल्याला मुळाशीच गाठलंत, थँक्यू गेबिसा सर!

नमस्कार गेबिसा सर,

इथिओपियात आडनाव लावत नाहीत, एजेटा हे तुमच्या वडिलांचं नाव, म्हणून डॉ. एजेटा म्हणण्यापेक्षा गेबिसा सरच म्हणतो. मी सोलापूरकडचा, ज्वारीवाल्या घरातला, प्लांट ब्रीडिंगमध्ये एमएस्सी करतोय आणि माझा सेमिनार टारफुल्यावर आहे, म्हणजे तुमचा स्ट्रायगा. आपली ओळख ना पाळख, पण ज्वारीचे शास्त्रज्ञ म्हणून टारफुल्यावरचं तुमचं काम नसतं तर या विषयाला हातच घातला नसता, म्हणून हे जाहीर आभार.

टारफुला म्हणजे फुकटखाऊ तण. बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी, जमिनीत दहा-दहा वर्षं गप पडून राहणार आणि ज्वारीच्या मुळातून पाझरणारं रसायन लागलं की मगच रुजणार, मुळाला चिकटून अन्नपाणी ओढणार. वर फूल दिसेपर्यंत (आपल्याकडे पांढरं, आफ्रिकेतल्या मोठ्या जातीचं गुलाबी-जांभळं) खाली व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं, मग खुरपून काय उपयोग! रानात ओल आहे तरी ताटं सुकतायत, हे बघून माणूस चक्रावतो.

अशा तणाला दाद न देणारी ज्वारी शोधायची तर शेतात बघून नीट कळत नाही, कारण एका कोपऱ्यात तण माजलेलं आणि दुसरीकडे नावालाही नाही. तुम्ही आणि पर्ड्यू विद्यापीठातले लॅरी बटलर यांनी हे भांडणच टप्प्याटप्प्यात तोडलं, आधी रुजणं, मग चिकटणं, मग आत शिरणं, आणि म्हणालात एकेक टप्पा वेगळा तपासू. आगरच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटमध्ये टारफुल्याचं भिजवून तयार केलेलं बी, त्यात ज्वारीचं एक रोप, आणि थोड्या दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघायचं की मुळापासून किती लांबपर्यंतचं बी रुजलंय. 10 मिलिमीटरच्या आतच थांबलं तर ही ज्वारी टारफुल्याला कमी उठवते, निवडून ठेवा. बस्स! मला तर ही प्लेट तुमच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा भारी वाटते, साध्या लॅबमध्येही जमते.

पुढे 2017 मध्ये तुमच्या टीमने त्यामागचा जीनच शोधला, एलजीएस1. तो बिघडला की ज्वारी ते रसायन सोडतेच, पण वेगळ्या प्रकारचं, जे टारफुल्याला फारसं उठवत नाही. आता केनियात केनियाट्टा विद्यापीठात स्टीव्हन रूनो वगैरे मंडळी क्रिस्पर (जीन कापून बदलायचं तंत्र) वापरून हाच जीन बंद करायला बघतायत, म्हणजे तुमच्या प्लेटचं काम आता थेट जीन एडिटिंगपर्यंत पोचलंय.

आणि तुम्ही नुसते पेपर छापून बसला नाहीत हो. 1994 मध्ये टारफुल्याला आणि दुष्काळाला टिकणाऱ्या ज्वारीचं 8 टन बी आफ्रिकेतल्या 12 देशांत गेलं. त्याच्याही आधी इक्रिसॅटतर्फे (आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूचीच शेती संशोधन संस्था) सुदानला जाऊन 1983 मध्ये हगीन दुरा-1 हे ज्वारीचं हायब्रीड आणलंत, आणि ते शेतकऱ्यांच्या हातात पडावं म्हणून बियाणं तयार करण्याच्या मागेही लागलात. आमच्याकडे भाकरी तशी तिकडे ज्वारीची किसरा, त्यामुळे सुदानच्या घरात याचं काय मोल असेल ते मला वेगळं सांगायला नको. 2009 चा वर्ल्ड फूड प्राइज त्यानंतरचा.

इथिओपियातल्या वोलोनकोमी गावातल्या एका खोलीच्या गवती घरातून रविवारी 20 किलोमीटर चालत शाळेच्या गावी जायचं आणि शुक्रवारी तसंच परत, हे वाचलं तेव्हा तुमच्या आईंना पण थँक्यू म्हणावंसं वाटलं, पोराला शिकवायचंच हा हट्ट त्यांचा होता.

सेमिनारमध्ये प्लेटला तीन स्लाइड दिल्यात, गाइड म्हणतायत एक कमी कर, मी काही करत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सोलापूरकडचा एक ज्वारीवाला