आई, तुझी धाप वयाची नाही

पुणे, १४ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेले की आई विषय बदलते, म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा आणि तिला मधेच उठू देऊ नका.

दिवाळीत तुळजापूरला दर्शन घेऊन आपण पायऱ्या चढत परत येत होतो. आई, तू चार पायऱ्या चढायचीस आणि थांबायचीस. एकदा पदर सावरलास, एकदा नातीची वेणी नीट केलीस. मला कळत होतं, तू दम खात होतीस. वर आल्यावर म्हणालीस, "वय झालं गं." बाबा तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, आणि ते केव्हाचे चपला घालून उभे होते.

तीन हिवाळे झाले, तू खोकल्याच्या बाटल्या पितेस. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात बिडी कोण ओढतं? कोणीच नाही म्हटल्यावर विषय तिथंच संपला. चुलीचं कोणी विचारलंच नाही. अठराव्या वर्षी तू या घरात आलीस, तेव्हापासून तुराट्यांचा आणि गोवऱ्यांचा धूर तुझ्या छातीत जातोय. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की डोळे चोळत फुंकणी फुंकणारी तू मला अजून दिसतेस.

मला वाटतं, तुला सीओपीडी असावा. आपल्याकडे या आजाराला धड नावही नाही, सगळ्याला दमा म्हणून मोकळे होतो. दम्यात आवळलेली श्वासनळी बहुतेक वेळा पुन्हा सैल होते. यात वर्षानुवर्षांच्या धुरानं नळ्या आतून सुजून अरुंद होतात आणि फुप्फुसातले बारीक फुगे नासत जातात. गेलेलं परत येत नाही. पण धूर थांबला आणि औषध सुरू झालं, तर उरलेलं जपता येतं, धापही कमी होते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की जगभरात या आजाराचं सर्वांत मोठं कारण तंबाखू नव्हे, चुलीचा धूर असू शकतो. सोळा वर्षं झाली, आणि आपल्या गल्लीत एकाही बाईला हे माहीत नाही. मला याचा फार राग येतो.

तपासणीला सुई नाही, काही नाही. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, शेवटपर्यंत फुंकायचं. पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडते, ते मशीन मोजतं. पंपाचं (इन्हेलरचं) औषध दिल्यावरही ती एकूण फुंकलेल्या हवेच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर डॉक्टर सीओपीडी धरतात. नुसत्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला काही दिसत नाही, म्हणून तुझा "नॉर्मल" आलेला एक्स-रे मला दाखवू नकोस. आणि पंपाची सवय लागते, हे शेजारच्या काकूंचं ऐकू नकोस. पंपातलं औषध थेट छातीत जातं, म्हणून ते अगदी थोडं पुरतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. गॅस आहे, तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, कारण सिलिंडर महाग. खरं आहे. यापुढे सिलिंडरचे पैसे मी पाठवीन, नाही म्हणू नका. चुलीवरची भाकरी तुम्हाला आवडते हेही ठाऊक आहे; आईसाठी तेवढी सोडा. रात्री दार लावून लावता ती मच्छर कॉइलसुद्धा बंद करा, एका कॉइलमधून शंभरेक सिगारेटींइतके बारीक कण निघतात. मच्छरदाणी मी आणून ठेवली आहे.

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार जागतिक सीओपीडी दिन असतो, म्हणजे येत्या १९ तारखेला. आई, त्या दिवशी बचत गटाची बैठक आहे म्हणालीस. तिथं हे पत्र वाचून दाखव. खोकणाऱ्या बाया तुला नावानिशी माहीत आहेत.

गुरुवारी पहाटेच्या एसटीनं दोघं या. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणा. हडपसरला मी उभी असेन, पिशव्या मी उचलीन.

तुमची,
लेक