पालक गट, पुणे : समुपदेशकाकडे जाण्याआधी

लिंगभाव-विविध, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आपलं न वाटणाऱ्या, मुलांचे पालक असलेल्या सभासदांनी कृपया नोंद घ्यावी. पहिली भेट मुलाशिवाय, फक्त आई-बाबांची घ्या. भीती, राग, 'लोक काय म्हणतील' हे सगळं तिथे बोलून टाका. तेच मुलासमोर निघालं की त्याला तो आरोप वाटतो आणि पुढच्या भेटीला ते येतच नाही.

वेळ ठरवतानाच फोनवर विचारा : लिंगभाव-विविध मुलांसोबत काम केलं आहे का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा. विचारायला संकोच नको. 'मुलाला पूर्ववत करून देतो' असं कुणी म्हणालं तर फी न भरता परत फिरा. अशा 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत लिंगभावातलं वेगळेपण मानसिक आजार धरलेलंच नाही.

आजी-आजोबांना कधी, किती सांगायचं ते मुलाला विचारूनच ठरवा. गणपतीत घर भरलेलं असताना तर मुळीच नको.

मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल तर रविवारच्या बैठकीपर्यंत थांबू नका. टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), 14416 : चोवीस तास, मोफत, मराठीतही.

बैठकीत फोटो काढू नयेत. मुलांची नावं, शाळा ग्रुपवर लिहू नयेत.