वॉर्डात बोलायला शिकवणाऱ्या अधिसेविका मॅडमना

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, म्हणजे 12 मे, जागतिक परिचारिका दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी आमच्या सेवाभावाचे पुष्कळ कौतुक होते. वॉर्डात आपसांत कसे बोलावे, या कौशल्याचा उल्लेख मात्र त्या भाषणांत क्वचितच येतो. ते कौशल्य मला आपण दिले, म्हणून आपले आभार चारचौघांसमोर मानावेत असे वाटले.

परिसेविका म्हणून वॉर्ड माझ्याकडे आला, तेव्हा इथला प्रत्येक माणूस माहिती कशी घेतो आणि कशी देतो हे आधी नीट पाहा, असे आपण मला सांगितले होते. त्या नजरेने पाहू लागल्यावर कितीतरी गोष्टी उलगडल्या. आमच्या शल्यचिकित्सकांना पहिल्याच वाक्यात काय बिघडले आहे आणि त्यांनी काय करायचे आहे हे हवे असते. पूर्वइतिहास आधी सुरू केला की त्यांचे लक्ष उडते. मेडिसिनच्या डॉक्टरांचे याच्या उलट आहे. दर चार तासांचे आकडे क्रमाने ऐकल्याशिवाय ते मत बनवत नाहीत, आणि घाईने सांगितलेल्या निष्कर्षावर त्यांचा विश्वास बसत नाही. रुग्ण तोच आणि आकडेही तेच, परंतु कोणाला कोठून सुरुवात करून सांगायचे हे ठरवणे परिचारिकेच्या कामाचाच भाग आहे, हे आपल्यामुळे मला पटले.

तरीही प्रत्येकाच्या कलाने बोलण्याला एक मर्यादा आपण घालून दिली, आणि तिच्याबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे. रात्री रुग्णाची प्रकृती अचानक ढासळली की समोरच्याचा स्वभाव पाहायचा नाही. तेव्हा 'एसबार' पद्धतीनेच बोलायचे. सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, आपला अंदाज आणि आपली मागणी हा तिचा क्रम. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरील शिस्तीतून ही पद्धत आली आणि पुढे कैसर पर्मनेन्टे या अमेरिकी आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयांसाठी बेतली. नवख्या, भिडस्त मुलींना तिचा सर्वांत मोठा आधार वाटतो, कारण 'सर, आपण आत्ताच यावे' हे सांगण्याचे धैर्य त्या ठरलेल्या चौथ्या वाक्यामुळे येते. फोनवर मिळालेली औषधाची सूचना लिहून घेऊन ती पुन्हा वाचून दाखवायची, हा नियमही आपण कोणाच्या रागालोभासाठी कधी सैल होऊ दिला नाही.

आमच्यातल्या एका अबोल सिस्टरची आठवण आपल्याला असेलच. बैठकीत त्या काही बोलत नसत. बैठकीचा विषय त्यांना आदल्या दिवशी कागदावर लिहून द्या, असे आपण सुचवले आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचे टिपण घेऊन आल्या. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण इतर इंजेक्शनांच्या रांगेत नसावे, ते वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात असावे, असे त्यात लिहिले होते. हे द्रावण पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. इतकी मोलाची सूचना केवळ बोलण्याची संधी योग्य रीतीने न मिळाल्यामुळे मनात राहून गेली असती, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

सफाईच्या मावशींशी बोलतानाही आपण हेच पथ्य पाळत होता. संसर्ग असलेल्या रुग्णाची खोली शेवटी पुसा, एवढेच न सांगता त्यामागचे कारण आपण त्यांना बाजूला बसवून समजावून दिले. पुढे नव्या मामांना तो क्रम त्याच शिकवू लागल्या.

माणसांच्या स्वभावांचे प्रकार पाडताना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख वृत्तींची मांडणी केली. 1928 मध्ये विल्यम मार्स्टन यांनी वर्तनाच्या चार तऱ्हा सांगितल्या आणि त्यांतूनच पुढे 'डिस्क' या स्वभावचाचण्या निघाल्या; त्यांत प्रत्येक तऱ्हेला एक इंग्रजी अक्षर असते. प्रशिक्षणवर्गात आम्ही त्या प्रश्नावल्या भरल्या, पण कोणाच्याही नावापुढे त्यातले अक्षर चिकटवू द्यायला आपण ठाम नकार दिला. सकाळच्या राऊंडला मोकळेपणाने बोलणारा ब्रदर सलग रात्रपाळ्यांनंतर गप्प असतो, हे आपण दाखवून दिले होते. आजचे मानसशास्त्रही स्वभावगुण प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात असतात असेच मानते, त्यामुळे आपला तो नकार मला आज अधिकच योग्य वाटतो.

यंदा रुजू झालेल्या मुलींना ड्युटी बदलताना हँडओव्हर कसा द्यावा, हे शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एसबारचा सराव मी करून घेईन. माणसे पाहायची कशी, हे मात्र त्यांनी आपल्याकडूनच ऐकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. प्रकृती सांभाळून एखाद्या दुपारी आपण वर्गावर यावे, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक परिसेविका