गाय धुतली, भिंत राहिली

मा. संपादक,

पावसाळा जवळ आला की लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि २०२२ पासून लम्पीच्या लसीकरणाच्या बातम्या छापून येतात. त्या हव्यातच. पण संकरित गाईंच्या गोठ्याला बारमाही पोखरणाऱ्या गोचिडाबद्दल क्वचितच कुणी लिहितो. गोचीड नुसते रक्त पीत नाही, थायलेरिया आणि बबेशिया हे रक्तातले परजीवीही तेच गाईत सोडते. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, ताप १०५-१०६ अंशांवर गेला, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या, तर थायलेरियाचा संशय घ्यावा. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर बबेशियाचा. दोन्हींची औषधे वेगळी आहेत, त्यामुळे रक्ताची काचपट्टी तपासल्याशिवाय ‘गोचीड तापाचे इंजेक्शन’ मागण्यात अर्थ नाही.

आमचे मुख्य म्हणणे फवारणीबद्दल आहे. औषध गाईवर मारले जाते आणि गोचीड भिंतीत राहते. टम्म फुगलेली मादी खाली पडून गव्हाणीच्या फटीत, दगडी भिंतीच्या सांध्यात किंवा दावणीच्या खुंट्यामागे शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. बबेशिया तर या अंड्यांतूनच पुढच्या पिढीत उतरतो, म्हणजे बाहेर पडणारे पिल्लू रोग घेऊनच आलेले असते. थायलेरियाचे गोचीड मात्र लहानपणी एका जनावराचे रक्त पिते, फटीत जाऊन कात टाकते आणि मोठे होऊन दुसऱ्या जनावराला चिकटते. दोन्हींचा मुक्काम फटीतच. म्हणून आधी फटी सिमेंटने बुजवाव्यात, भिंतीला चुना मारावा. पक्की भिंत असेल आणि आसपास कडबा-गवत नसेल, तर जनावरे बाहेर काढून फ्लेमगनची ज्योत सांध्यांवरून फिरवावी. हे एकदा करून भागत नाही.

आता मात्रा. ‘झाकणभर औषध, बादलीभर पाणी’ हे माप सर्रास चालते. साडेबारा टक्क्यांचे अमिट्राझ लिटरला २ मिली, सव्वा टक्क्याचे डेल्टामेथ्रिन २ ते ३ मिली, तर दहा टक्क्यांचे सायपरमेथ्रिन १ मिली लागते. बाटलीवरची टक्केवारी न वाचता झाकण ओतले की एक तर गाय थरथरते, नाही तर अर्धवट मात्रेत तग धरलेली गोचिडे उरतात आणि पुढे त्यांच्याच वाणावर ते औषध चालेनासे होते. (अमिट्राझ घोड्याला अजिबात लावू नये.) कपाशीचे कीटकनाशक जनावरावर मारणे किंवा तणनाशकाचा पंप नुसता विसळून गोठ्यात आणणे, हे तर विषबाधेला आमंत्रणच.

फवारण्यापूर्वी जनावराला पोटभर पाणी पाजावे, तोंडाला मुसके बांधावे आणि उन्हाची वेळ टाळावी. मोठी गाय निथळेपर्यंत भिजवायला चार-पाच लिटर द्रावण लागते. लोक ते लिटरभरात उरकतात, तेही पाठीवर. गोचीड असते कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी, गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली, कास आणि मांडीच्या मधे. तिथे केसांच्या उलट दिशेने फवारावे आणि धार काढण्यापूर्वी कास धुवावी. गाईगुरांवरचे नेहमीचे गोचीड अंगावर साधारण तीन आठवडे राहते, म्हणून दुसरी फवारणी पंधराव्या दिवशी करावी. मध्ये एकही मादी पुरी फुगून खाली पडता कामा नये. त्याच दिवशी गोठाही फवारावा. उरलेले द्रावण ओढ्यात ओतू नये, मासे मरतात.

हाताने वेचायचे तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावे आणि रॉकेलच्या डब्यात टाकावे. बोटांनी चिरडू नये, शेणखतात फेकू नये. रोज वेचण्याचा खरा फायदा असा, की गोचीड चिकटल्यावर थायलेरियाचा जंतू तिच्या लाळेत पक्व व्हायला दोन-तीन दिवस लागतात.

टेक्सास ताप, म्हणजे बबेशियामुळे गाईगुरांना होणारा आजार, गोचिडामुळे पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेत १८९३ मध्येच सिद्ध केले होते. डॉ. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासात मलेरियाचा जंतू दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी. इतके जुने ज्ञान गावातल्या गव्हाणीपर्यंत पोहोचवायला फार खर्च येत नाही. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आणि दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर औषध, टक्केवारी आणि लिटरला किती मिली एवढा तक्ता लिहावा, आणि शेजारी दोरीला एक सिरिंज बांधून ठेवावी, मापासाठी.

– ग्रामीण भागात काम करणारे काही पशुवैद्यक