उसाच्या इथेनॉलचे गणित

‘इथेनॉलच्या दरवाढीची मागणी म्हणजे कारखानदारांचे लाड’ अशा आशयाचे पत्र वाचले. लाडांबद्दल वाद नाही, पण या मागणीपुरता हिशेब वेगळा आहे. २०२२-२३ मध्ये उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२४-२५ मध्ये ती ३४० झाली. म्हणजे टनामागे ३५० रुपये वाढले. टनभर उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघते, तेव्हा कच्चा मालच लिटरमागे पाच रुपयांनी महागला. रसापासूनच्या इथेनॉलचा दर मात्र या काळात ६५.६१ रुपयांवरच राहिला. मक्याच्या इथेनॉलला २०२४-२५ मध्ये ७१.८६ रुपये मिळत होते, हे विशेष.

त्यात डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रस वापरण्यावर एकाएकी बंदी घातली आणि आठवडाभरात ती मर्यादित प्रमाणात सैल केली. आमच्या कारखान्याने कर्ज काढून उभारलेली डिस्टिलरी त्या हंगामात निम्मी रिकामी होती. व्याजाचे मीटर मात्र चालूच. उसाला लागणाऱ्या पाण्यावरून कोणी आक्षेप घेतला तर तो मी मान्य करीन. पण एफआरपी वाढवणारे आणि इथेनॉलचा दर ठरवणारे सरकार एकच आहे. मग एक आकडा वाढवताना दुसऱ्याकडे पाहायला काय हरकत आहे?

– एक ऊस उत्पादक सभासद, कोल्हापूर