मनोमिनचे पाणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पाणथळ जागा वाचवायची तर आधी तिथला माणसांचा वावर बंद करावा, हे तुझ्या टिपणातले कलम मला पटले नाही. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराच्या परिसरातील ओजिब्वे हे मूलनिवासी लोक आणि त्यांचा उथळ पाण्यात उगवणारा जंगली भात, म्हणजे मनोमिन, यांचा दाखला देऊन त्याचे कारण सांगतो.

ऑगस्टच्या अखेरीस दाणा भरला की दोघे जण अरुंद होडीतून निघतात; एक जण लांब काठीने होडी रेटतो आणि दुसरा एका हलक्या काठीने लोंब्या होडीवर वाकवून दुसरीने हळुवार झोडतो, त्यामुळे पिकलेले दाणेच गळतात व कच्चे ताटावर राहतात. काही दाणे पाण्यात निसटतात, आणि ही वनस्पती एकाच हंगामाची असल्याने पुढचे पीक पाण्यात पडलेल्या दाण्यांतूनच उगवते. कापणी केव्हा सुरू करायची, हे जाणती माणसे ठरवतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील काकागॉन आणि बॅड रिव्हरच्या पाणथळीला २०१२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ही मान्यता, मिळाला, तोही ही परंपरा तिथे जिवंत असताना.

धोका होडीपासून नाही. पाने पाण्यावर तरंगत असण्याच्या अवस्थेत धरणामुळे पातळी अचानक चढली, तर रोपे मुळासकट उपटली जातात. खाणींतून येणाऱ्या सल्फेटचे, म्हणजे गंधकाच्या क्षाराचे, तळाच्या प्राणवायूविरहित चिखलातील जीवाणू सल्फाइड करतात, आणि ते मुळांना विषासारखे बाधते. मिनेसोटा राज्याने १९७३ मध्येच जंगली भाताच्या पाण्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा घातली, पण तिच्या अंमलबजावणीत दशकानुदशके चालढकल झाली, याचा मला संताप येतो.

त्या पाण्यासाठी भांडायला ओजिब्वेंना आधार मिळतो तो कापणीच्याच हक्काचा. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३७ च्या तहात जमीन देताना त्यांनी शिकार, मासेमारी आणि जंगली भात गोळा करण्याची मुभा राखून ठेवली, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. २००३ मध्ये तर सोकाओगॉन ओजिब्वे आणि फॉरेस्ट काउंटी पोटावाटोमी या जमातींनी विस्कॉन्सिनमधील क्रँडनच्या नियोजित खाणीची जागाच विकत घेतली, कारण भाताचे सरोवर तिथून वाहत येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर होते. ज्यांना तू पाण्यापासून दूर ठेवू पाहतोस, त्यांनीच हे केले.

म्हणून ते कलम काढ आणि त्याऐवजी कापणीचा हक्क कोणाचा, पाण्याची पातळी व सल्फेट कोण तपासणार आणि मर्यादा मोडणाऱ्यावर कारवाई कोण करणार, हे स्पष्ट लिही. नवा मसुदा लगेच पाठव.

तुझा मित्र