स्प्रिंग जाड टाकली की पिस्तूल टिकतं, हे खरं नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नेमबाजीच्या पिस्तुलाची निगा कशी राखावी यावर लेख आला होता, तो वाचला. साफसफाई आणि तेलपाण्याचं जे लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, पण शेवटी एका ओळीत म्हटलंय की स्लाईडची (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) स्प्रिंग जास्त पौंडाची, म्हणजे जास्त जोराची, टाकली की धक्का कमी बसतो आणि पिस्तूल जास्त वर्षं टिकतं. ही ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण नेमक्या याच समजुतीपायी मी एक अख्खा सीझन घालवलाय.

माझ्याकडे 1911 पद्धतीचं (जुन्या कोल्ट नमुन्याचं) पाच इंची नळीचं .45 कॅलिबरचं पिस्तूल आहे, सेकंडहँड घेतलेलं. पहिल्या दिवसापासून त्यात हलक्या टार्गेटच्या गोळ्या टाकल्या की दर आठ-दहा राऊंडला रिकामी पुंगळी स्लाईडच्या तोंडात उभी अडकायची, अगदी चुलीच्या धुराड्यासारखी, आणि शेवटची गोळी उडाल्यावर स्लाईड मागे अडकून राहायला हवी ती सरळ पुढे येऊन बंद व्हायची. मी आधी गोळ्यांना शिव्या घातल्या, मग दोन मॅगझिन नवीन घेतली, मग एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारी आकडी) काढून घासूनपुसून लावला, मग कोणीतरी म्हणालं तुझं मनगट ढिलं पडतंय म्हणून महिनाभर मनगट कडक धरून बघितलं (मनगट ढिलं असलं तर सेम असंच होतं, म्हणून तोही सल्ला वेडा नव्हता). शेवटी कंटाळून नवीन 16 पौंडाची स्प्रिंग आणली आणि जुनी काढून दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तर जुनीची तार नुसत्या डोळ्यांना जाड दिसत होती. आधीच्या मालकाला कुठल्यातरी दुकानदाराने फ्रेम (पिस्तुलाचा खालचा सांगाडा) वाचेल असं सांगून 20 पौंडाची बसवून दिली होती, हे नंतर विचारल्यावर कळलं. 16 ची टाकली त्याच संध्याकाळी त्याच गोळ्या, त्याच मॅगझिन, त्याच मनगटाने शंभर राऊंड मारले, एकही अडकली नाही.

आता हे का होतं ते बघा. गोळी पुढे जाते तेवढाच जोर मागे येणार, तो स्प्रिंग बदलून कुठे गायब होत नाही, फक्त हाताला कधी आणि कसा लागतो ते बदलतं. स्लाईड मागे जाताना स्प्रिंग दाबली जाते, जोर साठवते आणि मग तोच जोर वापरून स्लाईड पुढे ढकलते, मॅगझिनमधून पुढचं काडतूस सोलून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) घालते आणि स्लाईड पूर्ण बंद करते. स्प्रिंगचं मुख्य काम हे आहे, गादीचं नाही. जाड स्प्रिंग टाकली की मागचा ठोका कमी होतो हे खरंय, पण तेवढाच जास्त जोर परतीच्या वाटेवर येतो, स्लाईड पुढे आपटते, पिस्तुलाचं नाक खाली जातं आणि पुन्हा नेम धरायला वेळ लागतो. वर स्लाईड इतक्या घाईने परत येते की मॅगझिनची स्प्रिंग बिचारी काडतूस वर ढकलेपर्यंत स्लाईड त्याच्या डोक्यावरून निघून जाते. मग लोक मॅगझिन बदलत बसतात!

उलट स्प्रिंग थकलेली असली की स्लाईड मागे जाऊन फ्रेमवर ठोके देते. आमच्या सोबत मारणाऱ्या एकाचं नऊ एमएमचं पिस्तूल असं झालं होतं, त्याच्या पुंगळ्या तीन लेन सोडून पलीकडच्याच्या टोपीवर पडायच्या आणि त्याला वाटायचं पिस्तुलात ताकद आहे. नंतर नंतर स्लाईड शेवटचा दोन-तीन मिलिमीटर बंदच होईना, हा पठ्ठ्या अंगठ्याने ढकलायचा. पिस्तूल घेतल्यापासून स्प्रिंग एकदाही बदललेली नव्हती.

पौंडाच्या आकड्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. तो आकडा स्लाईड पूर्ण मागे असताना स्प्रिंग किती जोराने ढकलते त्याचा असतो, आणि तोही त्याच पिस्तुलाच्या मापाने. म्हणून बेरेटा 92 ला साधारण 13, ग्लॉक 17 ला 17, पाच इंची .45 ला 16 असे आकडे वाचून याची स्प्रिंग त्यापेक्षा स्ट्राँग असली तुलना करण्यात अर्थ नाही. लहान पिस्तुलाला उलट जास्त लागते, 1911 चंच सव्वाचार इंची रूप घेतलं तर 18, आणि त्याहून आखूड साडेतीन इंचीला 20 च्या वर, कारण स्लाईड हलकी आणि तिला मागे जायला जागा कमी, तेवढ्यात तिला थांबवायचं असतं. त्यामुळेच लहान पिस्तुलाची स्प्रिंग लवकर दमते.

किती राऊंडनी बदलायची, तर पहिला मान कंपनीच्या मॅन्युअलला. माझा स्वतःचा हिशोब पाच इंची .45 ला 2000 ते 3000, मोठ्या नऊ एमएमला 3000 ते 5000, आणि खिशातल्या छोट्या पिस्तुलांना त्याच्या निम्म्याहून कमी. वर्षं मोजू नका, राऊंड मोजा. पिस्तुलाच्या पेटीत एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवलीय, रेंजवरून आलो की आकडा लिहितो, बस. कपाटात नुसती पडून राहिल्याने स्प्रिंग फारशी बिघडत नाही, दाबणं-सोडणं दाबणं-सोडणं याने ती थकते आणि आखूड होते. आखूड झालेली हाताने ताणून लांब करणारे महाभाग मी पाहिलेत, ती दिसते लांब पण थोड्याच राऊंडमध्ये परत बसते. दोन वेढे कापून हलकी करायची आयडिया तर त्याहून वाईट, कापल्यावर सुरुवातीचा ताण जातो आणि उरलेली स्प्रिंग उलट जास्त कडक वागते.

ग्लॉकसारख्या पिस्तुलाची एक सोपी टेस्ट आहे. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने दोनदा बघून झाल्यावर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून तिरकी वर करायची, चाप दाबून दाबलेलाच धरायचा, स्लाईड मागे ओढून हाताने हळूहळू पुढे येऊ द्यायची. ती आपली आपण पूर्ण बंद झाली तर ठीक, मध्येच रेंगाळली तर स्प्रिंग आणायची वेळ झाली.

बदलताना चष्मा लावा हो. 1911 चा तो स्प्रिंगच्या पुढच्या टोकावरचा प्लग (टोपण) स्प्रिंगच्या जोराने बुलेटसारखा सुटतो, माझा एकदा सुटून पंख्याच्या पात्याला लागून कपाटामागे गेला होता आणि शोधायला अर्धा तास गेला, डोळ्याला लागला असता तर काय ते सांगायला नको. अंगठा प्लगवर घट्ट ठेवून मगच बुशिंग (नळीच्या तोंडाभोवतीचं कडं) फिरवायचं. आणि नवीन स्प्रिंगचं एक टोक जरा आवळलेलं असतं, ते गाईड रॉडवर (स्प्रिंगच्या आतली दांडी) जातं, नाहीतर पुढच्या वेळी उघडताना सगळं हातातून निसटतं.

कायम जास्त जोराच्या गोळ्या मारणाऱ्याने एक-दोन पौंड वर जायला माझी हरकत नाही. पण बसवल्यावर आपल्याकडची सगळ्यात हलकी गोळी घ्यायची, मॅगझिनमध्ये एकच भरायची आणि मारायची. स्लाईड मागे अडकली तर जमलं. असं पाच-सहा वेळा करायचं, दोन्ही मॅगझिननी. एकदा जरी पुढे येऊन बंद झाली तर एक पौंड खाली या.

माझी ती 20 ची स्प्रिंग अजून ड्रॉवरमध्ये आहे, तिला लाल दोरा बांधून ठेवलाय म्हणजे चुकून परत बसायला नको. पुढच्या रविवारी त्या ओळीची दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.

आपला,
एक नेमबाज वाचक